कापूस काढून बसवलेली मुलगी

माझा डावा कान पहिल्यांदा फुटला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या चितेगावात लेकरांचा कान फुटणं म्हणजे दात पडण्यासारखंच समजत. सर्दी झाली की कान ठणकायचा, मग पू यायचा आणि ठणका थांबायचा. ठणका थांबला म्हणजे बरं झालं, असं घरात सगळे धरून चालायचे. आई लसूण घालून तेल कोमट करायची, कानात सोडायची, वर कापूस लावायची. मोठी झाली की थांबेल, म्हणायचे. मी मोठी झाले, कान काही वाहायचा थांबला नाही.

कॉलेजात असताना हट्टानं वडिलांना शहरात क्रांती चौकाजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पडद्याला मोठं भोक आहे, तेल आणि पाणी दोन्ही बंद. ऑपरेशन लवकर करा, नाहीतर आतली नाजूक हाडं झिजतील आणि ऐकणं जाईल ते परत येणार नाही. वडील कंपनीत, घरच्यांच्या दवाखान्याचा विमा होता, त्यामुळं खर्चाची अडचणच नव्हती. तारीखही मिळाली.

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, कापतात कुठं? कानामागं, मी म्हणाले, आणि तिथले थोडे केसही काढतात. झालं, तारीख तिथंच बारगळली.

"आता स्थळं यायलेत. अंबाडा घातला की टाका दिसंल. लग्न होऊ दे, मग सासरी गेल्यावर कर."

वडिलांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं समोर बसून ऐकलं होतं. ते पेपरात डोकं खुपसून बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घरात ती कुणाला दिसत होती?

मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पाहुणे यायच्या आधी कापूस काढायचा, कान पुसायचा, मागं अत्तराचं बोट लावायचं. पाहुण्यांच्या खुर्च्या मुद्दाम माझ्या उजवीकडं. डावीकडं आत्या बसायची आणि मला ऐकू आलं नाही असं वाटलं की तोच प्रश्न हसत मोठ्यानं परत विचारायची. पाहुण्यांना वाटायचं, आत्याला भाचीचं लई कौतुक. मला मात्र बाजारात खोड लपवून उभी केलेली म्हैस आठवायची. मी एकदा म्हणालेही, सरळ सांगून टाका ना त्यांना. तर आई म्हणाली, चार लोकांत सांगायची गोष्ट हाय का ही? मधल्या काळात डाव्या कानाला मोबाइल लावला की तो नुसता गरम लागायला लागला. आवाज नाहीच. हे मी घरात सांगितलं तर उत्तर आलं, मग उजव्याला लाव.

शेवटी अजिंठ्याकडचं स्थळ जमलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सर्दीत कान वाहिला आणि सासूबाईंनी उशीवरचा डाग पाहिला. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. आता बोलणी खावी लागणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी उशीचा अभ्रा काढून बाजूला टाकला.

"आधी का नाय सांगितलं गं? पयलं ऑपरेशन केलं असतं, मग हळद लावली असती."

त्याच आठवड्यात त्या स्वतः मला बसनं त्याच डॉक्टरीणबाईंकडं घेऊन आल्या. ऑपरेशन झालं. पडदा जोडला, पू थांबला, टाका तर केसांत शोधूनही सापडत नाही. पण आतली हाडं झिजून गेली होती. डाव्या कानानं मला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तेव्हाच का आला नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लग्न जमायचं होतं, मी म्हणाले. हे बोलताना मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

माहेरी गेले की आई अजून शेजारणींना कौतुकानं सांगते, पाहुण्यांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही आम्ही. परवा ती हेच सांगत होती तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, त्यांना पत्ता लागला असता तर आज मला ऐकू आलं असतं."

आई चहा टाकायला उठून गेली.