मडिवाळप्पाचा टेप

निलंग्याच्या पेठेत मडिवाळप्पा शिंप्याचं दुकान म्हणजे नुसता एक ओटा. आत शरणप्पाचं कापडाचं दुकान, बाहेर ओट्यावर याची मशीन. बत्तीस वर्षं तिथंच बसून त्यानं निम्म्या गावाचे सदरे शिवले.

लातूर जिल्हा झाला आणि जुन्या पेठेचंही नशीब फळफळलं. रस्ता रुंद होणार, कडेनं फरशी, झाकलेलं गटार, दिव्यांचे खांब! रस्त्याच्या मधोमधपासून पंधरा फुटांत जो ओटा येईल तो मात्र पुरता निघणार, अशी दवंडी झाली. मडिवाळप्पा मशीनकडं बघतच बसला. ओटा गेल्यावर मशीन काय डोक्यावर घेऊन हिंडायची?

धीर कसला धरवतोय! दुपारी पेठ सामसूम झाली तशी त्यानं गळ्यातला पाच फुटी कापडी टेप रस्त्याच्या मधल्यापासून ओट्याकडं तीनदा टाकला. माप चार बोटं ओट्यात शिरलं. पुन्हा टाकला, तेच. "संपलं सगळं," एवढंच तो बायकोला, सिंधूला म्हणाला आणि ताटावरून उठला. चार दिवस घास उतरेना. पाचव्या दिवशी त्यानं पहार आणली. दुसऱ्यानं फोडण्यापेक्षा आपणच काढावा, दगड तरी शाबूत राहतील! पहिला दगड निघतो न निघतो तोच ओव्हरसियर लोखंडी टेप घेऊन आला.

चुन्याची रेघ ओट्याच्या चार बोटं अलीकडंच पडली.

"मास्तर, चांगला ओटा कशाला उकरून राहिलात?" ओव्हरसियरनं मडिवाळप्पाला विचारलं.

मडिवाळप्पानं आपला टेप लोखंडी टेपाला लावून पाहिला. ओढून ओढून दोन इंच ताणला होता मेला! हसावं का रडावं त्याला कळेना. काढलेला दगड त्यानं पोटाशी धरला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

बघायला जमलेल्या गर्दीत श्रीमंत नावाचा हमाल होता. त्याचं डोकं भलतीकडंच चाललं. मास्तर अंग मोजायचा या टेपानं आणि कापड बेतायचा लाकडी पट्टीनं. म्हणजे ताणलेल्या टेपावर अंग कमी भरायचं आणि सदरा तोकडा पडायचा. सदरा दाटतोय म्हटलं की वर ऐकवायचा, "चार घास कमी खा." बहात्तरच्या दुष्काळात माणसंच वाळली, तेच सदरे नेमके बसले, म्हणून तेव्हा कुणी काही बोललं नाही.

"म्हंजे मास्तर, माझं पोट सुटलंच न्हाई की! धा वर्षं एक भाकर कमी खाऊन राहिलो मी!"

पेठ खो खो हसली. मडिवाळप्पा हसला नाही. त्यानं दगड जागेवर बसवला, हात झटकले.

"काढ तो सदरा, उसवून सैल करून देतो. आन् आज माझ्याकडं जेवायला ये. मला बी लई भूक लागलीय."