निरोपापासून वर

लेसर प्रिंटरमधून नुकत्याच बाहेर आलेल्या कागदाला इस्त्री केलेल्या सुती साडीचा वास यायचा, किंचित जळकेपणा मिसळलेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, कन्नड मुलखाच्या राजधानीत, जे. पी. नगरमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, आमची कंपनी टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर तयार करीत असे. त्याच्या माहितीपुस्तकांसाठी मराठी कविता घेऊन एम.ए. झालेली मुलगी का निवडली, हे मी कधी विचारलं नाही. सहा महिने उमेदवारीचे होते. त्यानंतर कायम केलं नाही तर पुण्याला परत यायचं, असं वडिलांशी ठरलं होतं. मला परत जायचं नव्हतं.

आमचे प्रमुख म्हैसूरकडचे, मितभाषी गृहस्थ. काम पसंत पडलं की ते 'सरी' म्हणत. बरोबर, ठीक, चालू द्या, हे सगळं त्या एका कन्नड शब्दात मावे. कॉफी आणणाऱ्याला तो रोज मिळे. मला अद्याप एकदाही मिळाला नव्हता.

माझं काम आकृत्यांचं. तीन उभ्या रेघा: फोन करणारा, एक्स्चेंज, फोन घेणारा. त्यांच्यामधले आडवे बाण म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेले संदेश. वरून खाली वाचत गेलं की काळ पुढे सरकतो. या आकृत्या लाटेक नावाच्या अक्षरजुळणीच्या भाषेत लिहायच्या असत: इतक्या अंतरावर, इतक्या उंचीवर, इतक्या लांबीचा बाण. माझ्या पडद्यावर फक्त आकडे दिसत. चित्र कागदावर उमटे. छंदशास्त्र शिकलेल्या मला हे परकं वाटलं नाही. मात्रा आधी मोजायच्या, लय नंतर ऐकायची.

मात्र त्या भाषेत उंची तळापासून मोजतात, आणि मी पहिल्या संदेशाला सर्वांत लहान आकडा दिला होता. पहिली मोठी आकृती छापून आली तेव्हा फोन ठेवणं सर्वांत वर होतं आणि रिसीव्हर उचलणं सर्वांत खाली. प्रमुखांनी कागद उलटा धरला. क्रम बरोबर झाला, अक्षरं डोक्यावर उभी राहिली. त्यांनी कागद तसाच परत दिला.

शेजारच्या टेबलावरचा निपाणीचा प्रोग्रामर सगळ्या बायकांना अक्का म्हणे.

"अक्का, पुण्यात आधी फोन ठेवतात आणि मग लावतात काय?"

पुण्यात शक्यतो लावतच नाहीत, असं मी सांगितलं.

आकडे उलटे केले तरी त्रास संपला नाही. तळाला 'स्वल्प', म्हणजे जरासा, एक बाण वाढवा, असं रोज कुणीतरी येऊन म्हणे, आणि तळाशी जागा करायची तर वरचे सगळे आकडे पुन्हा लिहावे लागत. मग मी प्रत्येकाला आधी निरोप, म्हणजे संभाषणाचा शेवट, विचारू लागले. तळ ठरला की त्यावर रचत जाता येतं.

निपाणीकराने आपल्या आकृतीचा शेवट सांगितला: करणारा फोन ठेवतो, मग घेणारा ठेवतो, लाइन मोकळी. घेणाऱ्याने ठेवलाच नाही तर, असं मी विचारलं. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून घरी बोलत असे, आणि मी फोन ठेवल्यावरही आई रिसीव्हर कानाला लावून उभी राहते, अशी वडिलांची तक्रार होती.

"ठेवतोच की," तो म्हणाला. आणि वर, "तुमच्या आईंना ठेवायला सांगा."

तरी तो उठून प्रमुखांच्या खोलीत गेला. दुपारभर आतून कन्नडमधला वाद ऐकू येत राहिला. परत आला तेव्हा ठरलं होतं: एक्स्चेंज थोडा वेळ वाट पाहील, मग स्वतःच लाइन तोडेल.

मी तळाशी तो तोडण्याचा बाण लिहिला आणि त्याच्यावर, दोन कडव्यांमध्ये सोडतात तशी, रिकामी जागा सोडली. त्या जागेत आई उभी होती. आकृतीत तिच्यासाठी खूण नव्हती.

कागद गरम असतानाच मी प्रमुखांपुढे ठेवला. त्यांचं बोट तळाच्या बाणापासून निघालं, रिकाम्या जागेवर रेंगाळलं आणि रिसीव्हर उचलण्यापर्यंत वर गेलं. खालून वर वाचणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. उमेदवारी या आठवड्यात संपते आहे, असं मी त्यांना म्हटलं. पुढच्या पुस्तकाच्या आकृत्याही मीच काढायच्या का, असं विचारलं. कागदावरची नजर न उचलता ते म्हणाले,

"सरी."