बाई म्हणणारी लेक

साखराबाईंसमोर जगदेवीचं नाव काढायचं नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. जगदेवी मरून कितीतरी वर्षं झाली, तरी नाही. लातूरला चर्चच्या मागं राहतात साखराबाई, तोंडात एकही दात नाही, ऐकायला कमी येतं, पण हे एक नाव बरोबर ऐकू येतं आणि तोंड असं वळवतात की जणू ती आत्ता दारात येऊन उभी राहिलीय. मला आधी हसू यायचं. मग एकदा सगळं ऐकलं आणि हसू गेलंच.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. साखरा परकर-पोलक्यातली पोर. बाप मिशनचा उपदेशक, बैलगाडीनं गावोगाव फिरायचा, पटकीच्या साथीत गेला. आई मनकर्णाबाई. मिशननं तिला चर्चमागच्या दोन खोल्या दिल्या आणि घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायचं काम दिलं. मायलेकी एका वाकळीत झोपायच्या. साखराचा एक पाय आईच्या अंगावर, त्याशिवाय तिला झोपच नाही.

त्याच साथीनं गंजात, म्हणजे धान्या-कापसाच्या बाजारात, कितीतरी लेकरं उघड्यावर टाकली होती. कापसाच्या गाठींच्या आडोशाला झोपायची, अडत्यांच्या दारात सांडलेली ज्वारी वेचायची. एक दिवस मनकर्णाबाई त्यातली दोन भावंडं घरी घेऊन आल्या. साखराला आनंदच झाला, खेळायला कुणीतरी आलं. पण व्हायचं काय, की साखरानं "आई" अशी हाक मारली की ती दोघं ओठ काढून रडायला लागायची. त्यांची आई आठवायची ना त्यांना. थांबायचीच नाहीत.

मग मनकर्णाबाईंनी लेकीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "साखरा, थोडे दिस मला बाई म्हन. लेकरं रुळली की पुन्यांदा आई म्हन."

साखरा हाव म्हणाली. शहाणी पोर. तिला काय माहीत, ते थोडे दिवस संपणारच नव्हते!

कारण ती दोघं रुळेपर्यंत तिसरं आलं. मग गंजातला पोलीस जमादारच रस्त्यावरचं पोरगं बखोटीला धरून आणायला लागला. सुरुवातीला गाव नावं ठेवायचं, लेकरं बाटवते म्हणायचं, विहिरीवर बाया लांब सरकायच्या. पण लेकरं धुतलेली, पोट भरलेली दिसायला लागली तसे तेच अडते ज्वारीची पोती पाठवायला लागले. दोन खोल्यांना पत्र्याची पडवी जोडली, मागं मोठं छप्पर झालं, मिशननं विहीर खणून दिली. लोक 'लेकरांचं घर' म्हणायला लागले. सगळ्यांना वाटायचं किती छान वाढतंय. आणि साखराला काय दिसत होतं? आईच्या कुशीतून ती भिंतीकडं सरकली, भिंतीकडून पडवीत गेली. शनिवारी संध्याकाळी मनकर्णाबाई रविवारच्या भक्तीसाठी सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायच्या. आपल्या लेकीचं आधी केलं तर बाकीच्यांना काय वाटेल, म्हणून साखरा शेवटी. दर आठवड्याला रांग लांब, आणि शेवटच्या डोक्याला हात पोहोचेस्तोवर आईचे हात थकलेले असायचे.

तरी चाललं होतं. मग जगदेवी आली.

रेल्वे स्टेशनवर तापानं फणफणलेली सापडली, साखराच्याच वयाची. मनकर्णाबाईंनी तिला आपल्या शेजारी झोपवलं, जिथं साखरा झोपायची अगदी तिथंच. ताप उतरला तशी जगदेवीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, पानी."

"देते गं बाळा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

बाई म्हण, असं नाही सांगितलं! दारात साखरा उभी होती, तिनं ऐकलं. तिच्याकडून एक शब्द मागून घेतला होता आणि तो असा दुसरीला देऊन टाकला. दोन-चार दिवसांत जगदेवीचं ऐकून सगळी लेकरं आई म्हणायला लागली. आता कुणी रडत नव्हतं. आता साखरालाही म्हणता आलं असतं की! पण ती हट्टाला पेटली होती. आपण होऊन नाही म्हणायचं, आईनं सांगितलं पाहिजे. आणि मनकर्णाबाईंच्या ते लक्षातच नाही, इतक्या लेकरांत कुठं राहणार. झालं, साखरा बाईच म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी जरा जास्त जोरात.

नाताळाच्या आधी नांदेडहून पाळकसाहेब घर बघायला यायचे. लेकरं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहायची. साहेब प्रत्येकाला विचारायचे, तुझं कोण हाय, आणि लेकरानं म्हणायचं, "मला देव हाय." शिकवलेलंच होतं तसं. साखरा रांगेत नसायची, ती पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या बाजूला उभी असायची. त्या वर्षीचे पाळकसाहेब नवे होते आणि एका पोरक्या मुलीला नांदेडच्या बोर्डिंगात नेणार होते. ते कळलं आणि साखराच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, तिनं तांब्या खाली ठेवला आणि जाऊन रांगेत उभी राहिली. जगदेवीच्या अगदी शेजारी.

साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "मला देव हाय."

आणि आईकडं बघितलं. एवढंच हवं होतं तिला, आईनं रांगेतून बाहेर ओढावं. मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. साहेबांना पोर चुणचुणीत वाटली, हिलाच घेऊन जाऊ म्हणाले, नाव विचारलं. तेव्हा मनकर्णाबाईंच्या तोंडून निघालं, "ती न्हाई साहेब. ती माजी हाय. पोटची."

सगळी रांग एकदम खाली बघायला लागली. साखरा मात्र ताठ. जिंकली होती ना.

साहेब हसले आणि पुढं सरकले. तुझं कोण हाय?

जगदेवीनं शिकवलेलं म्हटलंच नाही. तिनं हात केला मनकर्णाबाईंकडं. "मला आई हाय."

"ही पण?" साहेबांनी विचारलं.

मनकर्णाबाई काय बोलणार? आत्ताच पोटची म्हणून बसल्या होत्या. मोटारीनं नांदेडला जगदेवी गेली.

त्या शनिवारी तेलाला पहिली साखरा. मनकर्णाबाईंनी तिचे केस मोकळे केले आणि हळूच म्हणाल्या, "आता आई म्हन बघू." साखरानं तोंड उघडलं. येईना. खरंच येईना, जीभच वळेना. रात्री जुन्या जागी झोपायला गेली तर मध्ये जगदेवीची वळकटी तशीच ठेवलेली. पोर परत येईल म्हणून. मनकर्णाबाईंनी ती कधीच उचलली नाही.

"पोरगी असती तर ढकलली असती. वळकटीला काय लाथ मारावी?" साखराबाई मला म्हणाल्या. ऐंशी वर्षांनंतर!

मनकर्णाबाई गेल्या तेव्हा रझाकारांची गडबड सुरू व्हायची होती. कुठून कुठून मोठी झालेली लेकरं आली. जगदेवी नांदेडहून आली, दवाखान्यात नर्स झाली होती. पेटीवर पडून "आई, आई" करत असं रडली की बघणाऱ्यांना उभं राहवेना. साखरा पेटीच्या दुसऱ्या बाजूला होती, "बाई, माझी बाई" म्हणत. कंधारकडची एक म्हातारी आली होती, तिला कुणाची ओळख नव्हती. तिनं साखराच्या हाताला धरून उठवलं.

"पोरी, तू तरी धीर धर," ती म्हणाली. "तिला सांभाळ जरा. तिची आई गेली."

साखरा उठली, पलीकडं गेली आणि जगदेवीला मिठीत धरलं. इतकं घट्ट, की तिला दुखलं असणार.

"दुखावं म्हनूनच धरली," साखराबाई म्हणाल्या, आणि तोंड वळवलं.