बिडीचा तेजोमेघ

दिवे मालवले, मी पेटी उघडली आणि पाहतो तर कृत्तिकांच्या स्लाइडचे दोन तुकडे. पनवेलपर्यंतच्या रस्त्याचा प्रताप. समोर शाळेचं सभागृह खचाखच भरलेलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. काचेच्या स्लाइड लॅन्टर्नने पडद्यावर पाडून गावोगाव विज्ञानाची व्याख्यानं द्यायची, ही माझी नवी नोकरी. पहिल्या रांगेत आमचे साहेब होते. आजचं व्याख्यान पडलं तर मुंबईच्या ऑफिसात पुन्हा कारकुनी, हे त्यांनी वाटेतच ऐकवलं होतं.

स्लाइडवर होतं काय? कृत्तिकांच्या ताऱ्यांभोवतीचा निळा ढग. ताऱ्यांमधल्या पोकळीत धुळीचे अफाट ढग असतात. त्यांना स्वतःचा उजेड नसतो. जवळच्या ताऱ्याचा उजेड पडला की ते निळसर दिसतात, कारण बारीक धूळ निळा रंग जास्त उधळते. अशा ढगाला आम्ही परावर्तन तेजोमेघ म्हणतो.

स्लाइड गेली, तरी लॅन्टर्न शाबूत होता. धूळ तेवढी हवी होती. अध्यक्षस्थानी हेडमास्तर होते. मी नम्रपणे म्हटलं, "सर, बिड्या पेटवायला परवानगी हवी."

हेडमास्तर तंबाखूचे हाडवैरी. दाराशी उभं राहून त्यांनी जातीने लोकांच्या बिड्या विझवल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. शेवटी "विज्ञानासाठी" असं पुटपुटून ते खाली बसले.

श्रोत्यांतली मिठागरांवरची मंडळी उत्साहाने पुढे आली. काळ्या फळ्यासमोर, लॅन्टर्नच्या झोतात धूर चढला. पण पांढरा. तोंडातून आलेल्या धुराचे कण ओलाव्याने फुगतात. निळा दिसतो तो पेटत्या टोकाचा धूर. म्हणून सांगितलं, ओढू नका, नुसती धरा. ते कुणाला जमेना.

हेडमास्तर तडकून उठले. एकाच्या हातातली बिडी घेऊन म्हणाले, "अशी धरायची." आणि बोलता बोलता एक सराईत झुरका घेऊन त्यांनी नाकातून धूर सोडला.

मग जो हशा उसळला, त्यात सगळे ओढायचंच विसरले. बिड्या हातातच जळत राहिल्या आणि झोतात निळाशार ढग उभा राहिला.

मी संधी साधली. सांगितलं की असा ढग दाटला की स्वतःच्याच वजनाने आत ढासळतो, तापतो आणि लाखो वर्षांनी त्यातून नवा तारा जन्मतो.

"तवर बिडी पुरंल काय, मास्तर?" पुढच्या एकाने मला विचारलं.

साहेब पोट धरून हसले. नोकरी टिकली.

परतताना त्यांनी हळूच विचारलं, "उदबत्ती चालली नसती का हो?"

"उत्तम चालली असती, साहेब."

तेव्हापासून व्याख्यानाला अध्यक्ष मी कडक शिस्तीचाच मागून घेतो.