बाटलीवरच्या खाचा

सत्तरच्या दशकात मी मेडशीकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषध फुकट, पण बाटली ज्याची त्याने आणायची. गोरगरिबाच्या घरात रिकामी बाटली असायची ती देशी दारूची. मी ती धुऊन औषध भरी आणि दारूच्या लेबलावरच खळीने पांढऱ्या कागदाची पट्टी डकवी. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. अंगठेबहाद्दरालाही कळे, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणा समजत असे.

एका मजूर बाईने पोरीच्या तापासाठी असंच औषध नेलं. ते संपलं, पट्टी तशीच राहिली. नवऱ्याने पुढे त्याच बाटलीत नारंगी दारू आणून ठेवली. पोर तीन वर्षांची. पुन्हा ताप चढला तेव्हा नवऱ्याने औषधच भरून आणलंय असं समजून बाईने खाचेबरहुकूम दिवसातून तीनदा पाजली. उग्र वास काय, माझ्या औषधालाही होताच. संध्याकाळी पोर हलवूनही उठेना.

बैलगाडीतून आणली तेव्हा मी बाईवरच खेकसलो, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून.

ती म्हणाली, "तुमची खाच पाहूनच देलं न, भाऊ. मले कोठी वाचता येते?"

दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं, तोवर मी दवाखान्यातून हललो नव्हतो.

पुढे एका मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक दारूबद्दल संशोधन करत दवाखान्यात आले. बाटलीवर धोक्याची सूचना छापा, असं त्यांना सरकारला पुराव्यानिशी सांगायचं होतं. तीच बाई त्या दिवशी पोरीला घेऊन आली होती. बाटलीवरचं लेबल वाचता का, हा त्यांचा तिला पहिला प्रश्न. बाई नाही म्हणाली. त्यांनी फुली मारून पान उलटलं. मला संताप आला. त्यांना थांबवून मी सगळं सांगितलं, माझ्या पट्टीसकट. ते बिचारे मन लावून लिहू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, अक्षरं नकोत तर सरकारने छापायचं काय? मी तोऱ्यात म्हणालो, खाचेसारखी खूण.

पोरीला कडेवर घेऊन बाई ऐकत होती. म्हणाली, "खाच म्हनजे इतकं द्या. देऊच नोका, हे कसं कापता तुमी?"

प्राध्यापकांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. कात्री माझ्या खिशातच होती. मला किती द्यायचं तेवढंच कापता येत होतं.