खविसाच्या तोंडाआड

धुळ्याच्या त्या सोहळ्याला मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. भूतखेतं, जादूटोणा आणि परग्रहावरच्या गोष्टींच्या खानदेशी फिल्मांना तिथं दरवर्षी बक्षिसं देतात. आदल्या वर्षी माझ्या हातच्या हडळीवर आमच्या निर्मात्यानं पहिलं बक्षीस उचललं. मंचावरून चहावाल्याचेसुद्धा आभार मानले, माझं नाव काही तोंडातून निघालं नाही. मी समोरच्या रांगेत बसून होतो.

जळगावात गणपतीच्या आराशी करता करता मी हे मुखवट्यांचं काम शिकलो. कुणी शिकवलं नाही. यंदाचा खवीस रबराचा, त्याचे केस केळीच्या खोडाच्या धाग्याचे. तीन महिने लागले. मुखवट्याचं वेगळं बक्षीस ठेवा, तरच फिल्म पाठवू देईन, असं मी निर्मात्याला आणि आयोजकांना आधीच बजावलं होतं. ते त्यांनी मानलं, आणि निकाल माझ्या बाजूनं लागल्याचंही कानावर आलं.

सकाळी आयोजकांचा फोन आला. "नाना, पाहुण्यांच्या स्वागताला खवीस मंचावर पाहिजे."

"आणतो. पण माझं बक्षीस सगळ्यात आधी द्यायचं."

"असं कसं? क्रम छापून झालाय."

"मग खवीस जळगावलाच राहील."

पाच वाजले की शिरपूर-अमळनेरची माणसं एसटी धरायला उठतात. रिकाम्या खुर्च्यांसमोर मला नाव पुकारून घ्यायचं नव्हतं. आयोजक कबूल झाले, आणि मी स्वतःवर खूश झालो.

खवीस करणारा नट अमळनेरहून यायचा होता. त्याची गाडी पारोळ्याला बंद पडली. पाहुणे दारात आले तेव्हा मुखवटा मीच चढवला, कडा नेहमीसारख्या पक्क्या चिकटवल्या. ते तोंड तेल लावून सोडवायला पाव तास लागतो. स्वागतानंतर लगेच माझंच बक्षीस आहे, हे मंचावर पोहोचल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

पाहुण्यांना शाल-नारळ झाले. निवेदकानं माझं नाव पुकारलं. सभागृह गच्च भरलेलं.

"मी इथंच आहे!" मी ओरडलो. मुखवट्याच्या दातांतून नुसता घोगरा हुंकार निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"विजेते आलेले दिसत नाहीत. त्यांच्या वतीनं कुणी...?"

पहिल्या रांगेतून निर्माता उठला. कोटाचं बटण लावत पायऱ्या चढला. मी धावत पुढं गेलो. पाहुण्यांच्या हातातली बक्षिसाची बाहुली आम्ही दोघांनी एकदमच धरली. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते.

"सोड ना भो," तो दात न उघडता मला म्हणाला. मला तो नटच समजत होता. "फोटो काढी राह्यनात. बस झाली नाटकं."

बाहुली डाव्या हातात घट्ट धरून मी उजव्या हाताची नखं हनुवटीखाली घातली आणि ओढलं. रबर फाटलं, गालाची सालही निघाली. तीन महिन्यांचं काम डोळ्यापर्यंत चिरत गेलं आणि हसणं थांबलं.

निर्मात्यानं बाहुली सोडली. "अहो नाना, काय केलं हे! सोमवारी दुसऱ्या भागाचं शूटिंग आहे. आता खविसाला तोंड कुठून आणू?"

"तुझं लाव."

पाहुण्यांनी घाईनं माझा हात हातात घेतला. निवेदक पुढच्या बक्षिसाचा कागद उघडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"माझं नाव पुन्हा घ्या."

"आत्ताच घेतलं की, नाना."

"तेव्हा मी दिसत नव्हतो."

मागून एसटीच्या घाईतलं कुणीतरी ओरडलं, "घ्या ना भाऊ, गाडीनी येय व्हयनी!" निवेदकानं नाव घेतलं, गावासकट. टाळ्या पडल्या. खविसाला पडल्या होत्या त्याच्या निम्म्या असतील. त्या संपेपर्यंत मी तिथून हललो नाही. गालावरून रक्त कॉलरवर उतरत होतं.