फिरकीचा तांब्या

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं, त्याला चार महिने होऊन गेले होते. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी एका सकाळी हवा भरता भरता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल हळूहळू, पण माणसाने मनावर घ्यायला हवं. आणि अण्णांनी तर काहीच मनावर घ्यायचं नाही असं ठरवून टाकलेलं. वैनी दुधात भाकरी कुस्करून चमच्याने भरवायला बसायच्या आणि ते दात घट्ट मिटून घ्यायचे. रोज अंगावरचं मांस उतरत होतं. "भावजी, तुमी तरी सांगून बगा की," असं वैनी म्हणायच्या. मी काय सांगणार, कपाळ! त्यांच्या डोळ्यांत बघायचंच मला धाडस नव्हतं.

त्याला कारण होतं. आमचं कुलदैवत श्रीशैलचा मल्लिकार्जुन, घरच्या बोलीत मल्लय्या. सायकलवरून श्रीशैलला जायचं हे अण्णांचं जुनं स्वप्न. भाड्याच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्यांनी सगळी वाट लिहून ठेवली होती. कुठल्या गावाला पाणी गोड, कुठल्या मठात मुक्काम, कुठे चढ, कुठे ओढा, येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना विचारून विचारून टिपलेलं. जायचं होतं आम्ही दोघांनी. तीन वर्षं मी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आलो. कधी रजा नाही, कधी तब्येत बरी नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. कचेरीत टेबल-खुर्चीवर बसणारा मी, आणि बोचकं बांधलेल्या सायकलवरून फेरीवाल्यासारखा गावोगाव हिंडू? लोक काय म्हणतील! आता अण्णा अंथरुणाला खिळल्यावर ती लाज आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

देवावर माझी फारशी श्रद्धा होती असं नाही. गळ्यात लिंग होतं ते आईने बांधलं म्हणून. पण माघात एके दिवशी अण्णांनी पाण्याचा घोटसुद्धा थुंकून टाकला आणि माझं डोकंच फिरलं. देवघरासमोर उभं राहून मी मल्लय्याशी अक्षरशः भांडलो. माझी चूक असेल तर मला पाड की, त्या माणसाने तुझं काय घोडं मारलंय? भांडण संपलं तेव्हा मी नवस बोलून बसलो होतो. सायकलवरूनच श्रीशैलला जाईन, तिथल्या पाताळगंगेचं पाणी आणीन, ते अण्णांच्या तोंडात घालीन. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी मानही वळवली नाही. मी त्यांचीच सायकल घेतली, रजिस्टरची पानं सुटी करून खिशात घातली आणि निघालो.

जाताना काही अडलं नाही. अण्णांनी लिहिलेली वाट इतकी नेमकी होती की मी फक्त पायडल मारत राहिलो. खरी कसोटी परतीची. श्रीशैलहून आणलेलं पाणी घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. पायी जाणाऱ्याला ते जमतं. पण सायकलचं पुढचं चाक पंक्चर झालं की सायकल उलटी करावी लागते, आणि माझा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या तर हँडललाच टांगलेला. त्यात घाट उतरताना सायकलचं स्टँड तुटलं. मग मी युक्ती काढली. पंक्चर झालं की झाड गाठायचं, सायकल बुंध्याला टेकवायची, तांब्या फांदीला अडकवायचा आणि मग कामाला लागायचं. पाणी थंड राहावं म्हणून तांब्याला फडकं गुंडाळलं होतं, ते येता-जाता ओलं करायचो. मला स्वतःचं मोठं कौतुक वाटू लागलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी पहाटे गुलबर्गा सोडलं. दुधनीच्या अलीकडे रस्ता म्हणजे नुसती खडी. दोन-तीन वर्षांमागे दुष्काळी कामावर फोडलेली, अजून तशीच पसरलेली. तिथेच पुढचं चाक बसलं. इकडे बघतो, तिकडे बघतो, काळं रान आणि काढलेली ज्वारी, नजर जाईल तिथवर झाड म्हणून नाही. ढकलत निघालो तर टायर रिममधून बाहेर आला, ट्यूब चाकात गुंडाळली, चाक फिरेना. आता सायकल सोडावी तर तांब्या आपटणार, एका हाताने त्याची गाठ सुटेना, धरून ठेवावी तर पंक्चर कोण काढणार? दोन्ही हातांनी हँडल धरून मी भर रस्त्यात उभा. ऊन चढत होतं. पाऊण-एक तास तसा उभा असेन. मल्लय्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग शेतातून एक म्हातारी वर आली. डोक्यावर कडब्याचा लहानसा भारा, पाय अनवाणी. "यल्लिंद बंदी, तम्मा?" तिने विचारलं. कुठून आलास बाबा, असं. आमच्या घरात कानडी चालतेच, पण घाईत मी मराठीतच बोललो, "आजी, श्रीशैलहून आलो. एवढा तांब्या सोडून धराल का? खाली मात्र टेकवू नका." तिने भारा टाकला, तांब्याची गाठ सोडली आणि तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. मी सायकल उलटी केली, ठिगळ लावलं, हवा भरली. तेवढा वेळ ती जागची हलली नाही. मी उठल्यावर हलक्या आवाजात म्हणाली,

"तम्मा, एक सांगू का? हे रिकामं हाय की."

मी ओरडलोच. "सांडलंत तुम्ही!"

"मी हात तरी हलवला का? धरल्यापास्नं हलकंच हाय. फडकं तेवढं वलं हाय बग."

हिसकावून घेतला. खरंच हलका. काल रात्री मुक्कामाला खुंटीवर अडकवला तेव्हा चांगला जड होता. खडीवर सायकलच्या दिव्याच्या लोखंडी पट्टीला आपटून आपटून बुडाचा सांधा उकलला होता. मी आपला फडकं ओलं आहे म्हणून निर्धास्त, आणि पाणी वाटभर गळत आलेलं. त्या धुळीत मी मटकन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

"कुणासाठी नेत हुतास?" तिने विचारलं. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यो पान्याची वाट बगतोय, का तुजी?" उत्तरासाठी ती थांबली नाही. तांब्या पुन्हा हँडलला नीट बांधला, भारा उचलला, "लवकर जा, ऊन लई हाय," म्हणाली आणि बांधावरून निघून गेली.

तिचं बोलणं मला तेव्हा कळलंच नाही. अक्कलकोट मागे पडेपर्यंत डोक्यात एकच, रिकाम्या हाताने घरात कसं शिरू? वळसंगवरून होटगीला आलो आणि रस्त्याकडेला विहीर दिसली. पोहऱ्याने पाणी काढलं, पिशवीतला साबणाचा तुकडा बुडाच्या फटीत घासून बसवला आणि तांब्या भरला. पाणी ते पाणीच, कोण तपासायला येतंय? तांब्या पुन्हा जड झाला, पण सात रस्ता येईपर्यंत मला मान वर करवत नव्हती.

घरी वैनींनी पायावर पाणी घातलं, तांब्या हातात घेऊन डोळ्यांना लावला. "मल्लय्या, बगितलंस रं बाबा आमच्याकडं," म्हणाल्या. चमचाभर पाणी घेऊन त्या अण्णांजवळ बसल्या. मी पायथ्याशी उभा. "श्रीशैलचं पाणी आणलंय भावजींनी," त्यांनी कानाशी सांगितलं. आणि अण्णांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, आपणहून.

गप्प राहिलो असतो तर सगळं सुखाने पार पडलं असतं. खरं सांगावं तर ते उघडलेलं तोंड पुन्हा मिटेल, कदाचित कायमचं. पण ते माझ्याकडेच बघत होते. त्या क्षणी म्हातारीचा प्रश्न मला समजला. मी चमचा धरलेला वैनींचा हात धरला.

"अण्णा, थांबा. हे पाताळगंगेचं नाही. ते सगळं वाटेत गळून गेलं. हे होटगीच्या विहिरीचं आहे."

वैनींच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. अण्णांच्या घशातून कसलासा आवाज आला, छाती हलायला लागली. पुन्हा झटका आला म्हणून मी धावलो. तर ते हसत होते! वाकड्या झालेल्या ओठांनी, डोळ्यांतून पाणी वाहत.

"हो... हो... ट... गी?" ते म्हणाले. आणि मान पुढे करून त्यांनी तो चमचा स्वतःच तोंडात घेतला.

डॉक्टर म्हणाले, वाचा अशीच अचानक परत येते कधी कधी. येत असेल. मी वाद घालत नाही. म्हातारीचा ठावठिकाणा मी पुढे दुधनीला दोनदा जाऊन विचारला, कुणाला सांगता आला नाही, त्याचाही मी काही अर्थ लावत नाही. इतकंच कळतं की जोवर तांब्या भरलेला होता तोवर मी माझ्याच जोरावर होतो, आणि रिकामा झाल्यावर माझ्या हातात काहीच राहिलं नव्हतं. जे दिलं ते मल्लय्याने त्यानंतर दिलं.

महिनाभराने अण्णा उशीला टेकून बसायला लागले. बोलणं अजून अडखळतच होतं, म्हणून एका सकाळी त्यांनी खुणेने रजिस्टरची पानं मागितली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली. दुकानातली माल वाहायची तीनचाकी त्यांच्या डोक्यात होती. त्यांनी पुढे बसायचं, मी चालवायची. दुधनीच्या खडीवर त्यांनी मोठी फुली मारली आणि दुसरी वाट आखली. मुक्काम लहान केले. रजेचं काय, असं त्यांनी भुवई उडवून विचारलं. मी म्हणालो, अर्ज आजच देतो. मग बऱ्याच वेळाने पानाच्या तळाशी त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

'तांबे दोन घेणे. एक माझ्याकडे.'